बोस्टन रेड सॉक्सच्या हिवाळी घडामोडी कशा जोखाव्यात?

प्रश्न असा आहे: बोस्टन रेड सॉक्स या संघाच्या इतिहासात हंगाम संपल्यानंतरच्या काळात झालेल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीपैकी आणि अदलाबदलींपैकी सर्वांत संस्मरणीय कोणत्या, आणि त्यांतला चांगला निर्णय कोणता व वाईट कोणता हे कसे ठरवायचे? प्रश्नकर्ते क्रिकेटच्या पार्श्वभूमीचे आहेत आणि आयपीएलच्या लिलावाची पद्धत त्यांना परिचित आहे. मी अनेक वर्षे बेसबॉल खेळाडूंच्या करारांचे आणि कामगिरीच्या आकडेवारीचे विश्लेषण करत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी थोडक्यात माझे मत सांगतो. सर्वांत दूरगामी परिणाम झाला तो डिसेंबर 1919 मधील बेब रूथच्या विक्रीचा. सर्वांत मोठा लाभ झाला तो जानेवारी 2003 मधील डेव्हिड ऑर्टिझच्या कराराचा. 2003-04 चा हिवाळा आखणीच्या दृष्टीने सर्वांत परिपूर्ण होता. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत असमर्थनीय निर्णय म्हणजे फेब्रुवारी 2020 मध्ये मूकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे सोपवणे. हे मत बनवताना मी एक कसोटी वापरतो. व्यवहार झाला त्या दिवशी संघाजवळ कोणती माहिती होती आणि व्यवहारामागची गरज मैदानावरची होती की मैदानाबाहेरची, एवढेच मी पाहतो. पुढे संघ जिंकला की हरला, यावरून निर्णयाची पारख केली तर फसगत होण्याची शक्यता फार मोठी असते.

बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटी वर्ल्ड सिरीज या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेबरोबर संपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने संघबांधणीचे. येथे लिलाव नसतो. आज नियम असा आहे की खेळाडूला मोठ्या लीगमधील पहिली सहा वर्षे त्याच्या मूळ संघाच्या ताब्यात राहावे लागते. साधारण तीन वर्षांनंतर पगाराबाबत मतभेद असल्यास तो लवादापुढे जाऊ शकतो आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर मुक्त होऊन हव्या त्या संघाशी करार करू शकतो. तोपर्यंत संघ त्याला, त्याची संमती न घेता, दुसऱ्या संघाला देऊ शकतो. मात्र 1975 पूर्वी ही मुक्तीची तरतूदच नव्हती. राखीव कलम नावाच्या अटीमुळे खेळाडू आयुष्यभर एकाच मालकाशी बांधलेला असे आणि मालकाची इच्छा झाली तरच त्याची सुटका होई. डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर सायट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या) बाजूने निकाल दिला आणि त्या कलमाचा जोर संपला. रेड सॉक्सच्या हिवाळ्यांचा इतिहास वाचताना ही सीमारेषा लक्षात ठेवावी लागते. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या व्यवहारांना एकच मापदंड लावणे अन्यायाचे ठरते.

आणखी एक खुलासा. ऑगस्ट 1990 मध्ये जेफ बॅगवेलला गमावणे किंवा जुलै 1997 मध्ये जेसन व्हेरिटेक आणि डेरेक लो यांना मिळवणे हे व्यवहार बोस्टनमध्ये सतत आठवले जातात, परंतु ते हंगामाच्या मध्यावरचे असल्याने येथे घेतलेले नाहीत.

रूथच्या आधी एका कमी चर्चिल्या गेलेल्या व्यवहाराकडे पाहू, कारण माझी कसोटी त्यात स्पष्ट दिसते. ट्रिस स्पीकर हा त्या काळातील सर्वोत्तम सेंटर फील्डर (मैदानाच्या मागच्या भागात मध्यभागी उभा राहणारा क्षेत्ररक्षक) होता. फेडरल लीग ही प्रतिस्पर्धी लीग 1915 नंतर बंद पडताच खेळाडूंना दुसरीकडे जाण्याची वाट उरली नाही आणि तेव्हाचे मालक जोसेफ लॅनिन यांनी स्पीकरचा पगार जवळजवळ निम्मा करण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याने नकार दिल्यावर, एप्रिल 1916 मध्ये, हंगामाच्या तोंडावर त्याला क्लीव्हलँडला देऊन 55,000 डॉलर आणि दोन खेळाडू घेण्यात आले. त्याच वर्षी स्पीकरने 0.386 च्या सरासरीने (म्हणजे दर हजार प्रयत्नांत 386 यशस्वी फटके) अमेरिकन लीगचे, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन गटांपैकी एकाचे, फलंदाजीचे अजिंक्यपद मिळवले. तरीही रेड सॉक्सने 1916 आणि 1918 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्यामुळे हा व्यवहार वाईट होता असे कोणी म्हटले नाही. उत्कृष्ट पिचिंगच्या जोरावर मिळालेल्या विजेतेपदांनी एका चुकीच्या निर्णयावर पांघरूण घातले. मालकाच्या तिजोरीची गरज खेळाडूच्या मोलापेक्षा मोठी मानण्याची सवय तेव्हाच लागली होती, असे माझे मत आहे.

लॅनिन यांच्याकडून 1916 च्या अखेरीस संघ विकत घेतला तो नाट्यनिर्माते हॅरी फ्रेझी यांनी, आणि तोही बराचसा उधारीवर. 1919 मध्ये रूथने 29 होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखे सीमेपलीकडे टोलवलेले फटके) मारून एका हंगामाचा नवा विक्रम केला, पण संघ सहाव्या स्थानावर घसरला. रूथचा करार वर्षाला 10,000 डॉलरचा, तीन वर्षांसाठी होता आणि त्याने तो बाजूला ठेवून 20,000 डॉलर मागितले. लॅनिन यांचे देणे अजून थकलेले होते. 26 डिसेंबर 1919 रोजी न्यू यॉर्क यांकीजशी करार झाला आणि 5 जानेवारी 1920 रोजी तो जाहीर करण्यात आला. एक लाख डॉलर चार हप्त्यांत आणि त्याशिवाय यांकीजचे एक मालक जेकब रपर्ट यांच्याकडून फेनवे पार्क मैदानाच्या तारणावर तीन लाख डॉलरचे कर्ज, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा मालक हाच आपल्या मैदानाचा सावकार झाला. विक्रीच्या किमतीपेक्षा हा तपशील मला अधिक गंभीर वाटतो. ज्याचे कर्ज डोक्यावर आहे, त्याच्याशी पुढच्या हिवाळ्यात बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करणे कोणालाही जड जाते.

लोकप्रिय कथा अशी आहे की फ्रेझी यांनी एका संगीतिकेसाठी पैसे हवे होते म्हणून रूथला विकले. ती प्रसिद्ध संगीतिका ब्रॉडवेवर आली 1925 मध्ये, त्यामुळे ही कथा कालक्रमात बसत नाही. खरे कारण अधिक गुंतागुंतीचे होते. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी फ्रेझी यांचे वैर होते. आठ संघांपैकी पाच जॉन्सन यांच्या बाजूचे, आणि रेड सॉक्स, यांकीज व शिकागो व्हाइट सॉक्स हे तीन विरोधात, अशी फूट पडली होती. मोठा व्यवहार करायचा तर फ्रेझी यांच्यासमोर मुख्यतः न्यू यॉर्क आणि शिकागो हे दोनच पर्याय होते. ग्राहक कमी असले की भाव पडतो, आणि माल रूथसारखा असला तरी हा नियम बदलत नाही. फ्रेझी यांच्यावर मी पूर्ण दोष ठेवत नाही. पिचर म्हणून आधीच सिद्ध झालेला, शिस्तीला न जुमानणारा, करार मोडून दुप्पट पगार मागणारा चोवीस वर्षांचा खेळाडू पुढच्याच वर्षी 54 होमरन मारील हे त्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते. परंतु 29 चा विक्रम समोर होता, आणि त्याच्या बदल्यात एकही खेळाडू न घेता केवळ रोख रक्कम आणि कर्ज घेणे, याचे समर्थन मैदानावरच्या कोणत्याही गरजेतून करता येत नाही.

त्यापुढचे हिवाळे तर मला रूथच्या विक्रीपेक्षाही अधिक घातक वाटतात, जरी त्यांची आठवण फारशी काढली जात नाही. डिसेंबर 1920 मध्ये वेट हॉइट आणि वॉली शँग, डिसेंबर 1921 मध्ये एव्हरेट स्कॉट, जो बुश आणि सॅम जोन्स, जानेवारी 1923 मध्ये हर्ब पेनॉक, असे एकामागून एक खेळाडू यांकीजकडे गेले. मैदानावर संघ चालवणारे व्यवस्थापक एड बॅरो हेही 1920 च्या शरदात न्यू यॉर्कला निघून गेले होते. यांकीजने 1923 मध्ये आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्यांच्या पिचिंगचा कणा बोस्टनहून आलेला होता. रेड सॉक्स 1922 ते 1932 या अकरा हंगामांत नऊ वेळा लीगमध्ये तळाला राहिले. एकटा रूथ गेल्याने संघ इतका खाली गेला नसता. त्याला आधार देणारी संपूर्ण फळी विकली गेली, म्हणून गेला.

फेब्रुवारी 1933 मध्ये टॉम यॉकी या तीस वर्षांच्या धनिकाने संघ घेतला आणि चित्र नेमके उलटे झाले. महामंदीच्या काळात इतर मालक रोख रकमेसाठी खेळाडू विकत होते आणि यॉकी विकत घेत होते. डिसेंबर 1933 मध्ये फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सकडून पिचर लेफ्टी ग्रोव्ह आणि आणखी दोघे मिळून 1,25,000 डॉलर. ऑक्टोबर 1934 मध्ये वॉशिंग्टनचा खेळाडू-व्यवस्थापक जो क्रोनिनसाठी 2,25,000 डॉलर आणि एक शॉर्टस्टॉप (आतल्या फळीतला क्षेत्ररक्षक). डिसेंबर 1935 मध्ये फलंदाज जिमी फॉक्ससाठी दीड लाख डॉलर. क्रोनिन हा वॉशिंग्टनचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांचा नात्याने जावई लागत होता, आणि तरीही एवढी रक्कम समोर येताच त्यांनी त्याला जाऊ दिले. फॉक्सने 1938 मध्ये 50 होमरन आणि 175 रन बॅटेड इन (त्याच्या फटक्यांमुळे निघालेल्या धावा) अशी कामगिरी केली, ग्रोव्हने आपला तीनशेवा विजय (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय पिचरच्या नावावरही नोंदवला जातो) 1941 मध्ये बोस्टनच्याच गणवेशात मिळवला. तरीही संघ 1938, 1939, 1941 आणि 1942 मध्ये यांकीजच्या मागे दुसऱ्याच स्थानावर राहिला.

यॉकी यांच्या काळाबद्दल लिहिताना न केलेल्या व्यवहारांची नोंद घ्यावीच लागते, आणि ती मी जाणीवपूर्वक घेतो. एप्रिल 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू फेनवे पार्कवर चाचणीसाठी आला होता. त्याला बोलावणे गेले नाही. रॉबिन्सन 1947 मध्ये ब्रुकलिनकडून खेळू लागल्यानंतर बारा हिवाळे गेले, आणि मोठ्या लीगमधील इतर सर्व संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतल्यानंतर, जुलै 1959 मध्ये पम्प्सी ग्रीन रेड सॉक्सकडून मैदानात उतरला. 1940 आणि 1950 च्या दशकांत टेड विल्यम्ससारखा फलंदाज असूनही संघाला एकच पेनंट (लीगचे विजेतेपद) मिळाला, तो 1946 मध्ये. प्रत्येक हिवाळ्यात उपलब्ध गुणवत्तेच्या मोठ्या हिश्श्याकडे पाठ फिरवणाऱ्या संघाने आणखी काय अपेक्षा करायची होती? रूथची विक्री ही संघाला लागलेल्या शापाची कथा म्हणून सांगितली जाते. मला मात्र 1918 नंतरच्या विजेतेपदांच्या दीर्घ दुष्काळाचे स्पष्टीकरण या वगळण्यात अधिक सापडते. नैतिक अन्याय तर तो होताच, पण निव्वळ संघबांधणी म्हणून पाहिले तरी त्याच्याएवढी मोठी चूक दुसरी नाही.

मुक्त खेळाडूंचे युग सुरू झाल्यावरचा सर्वांत चटका लावणारा हिवाळा 1980-81 चा. कार्लटन फिस्क हा कॅचर (क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखा) न्यू इंग्लंड या बोस्टनच्या परिसराचाच, व्हरमाँटमध्ये जन्मलेला आणि न्यू हॅम्पशायरमध्ये वाढलेला. 1975 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बाराव्या इनिंगमध्ये त्याने मारलेला होमरन आजही दाखवला जातो. नियमाप्रमाणे पुढील वर्षाच्या कराराचा प्रस्ताव खेळाडूला 20 डिसेंबरपर्यंत पाठवणे बंधनकारक होते. संघाने फिस्क आणि फ्रेड लिन या दोघांचे प्रस्ताव टपालात टाकले ते 22 डिसेंबरला. खेळाडू संघटनेने हरकत घेतली. लिनला संघाने जानेवारीतच कॅलिफोर्निया एंजल्सकडे देऊन टाकले, फिस्कला लवादाने फेब्रुवारीत मुक्त ठरवले आणि मार्चमध्ये तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. 27 हा त्याचा क्रमांक उलटा करून त्याने 72 घेतला. 10 एप्रिल 1981 रोजी, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, फेनवे पार्कवर आठव्या इनिंगमध्ये त्याने तीन धावांचा होमरन मारून आपल्या जुन्या संघाला हरवले. त्यानंतर तो 1993 पर्यंत खेळत राहिला. कराराच्या कामात असलेल्या माणसाला हा प्रसंग विसरता येत नाही. खेळाडूचे मूल्यमापन, प्रशिक्षण, आकडेवारी हे सर्व जागच्या जागी असूनही एका तारखेकडे दुर्लक्ष झाल्याने संघाचा चेहरा हरवला.

1996-97 आणि 1997-98 हे लागोपाठचे दोन हिवाळे एकत्र वाचावेत. डिसेंबर 1996 मध्ये पिचर रॉजर क्लेमेन्स टोरंटोला गेला. जनरल मॅनेजर (संघबांधणीचे प्रमुख) डॅन ड्यूकेट यांना त्याचा उतार सुरू झाल्याचे वाटत होते. त्याने पुढची दोन्ही वर्षे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि ड्यूकेट यांच्यावर टीकेची झोड उठली. परंतु नोव्हेंबर 1997 मध्ये त्याच ड्यूकेट यांनी मॉन्ट्रियलकडून पेड्रो मार्टिनेझला आणले आणि बदल्यात कार्ल पाव्हानो आणि टोनी आर्मास ज्युनियर हे दोन तरुण पिचर दिले. ड्यूकेट पूर्वी मॉन्ट्रियलमध्ये असताना त्यांनीच पेड्रोला डॉजर्सकडून तेथे आणले होते, म्हणजे त्याची शरीरयष्टी किरकोळ असूनही तो टिकेल हा विश्वास ऐकीव नव्हता. मॉन्ट्रियलला त्याचा पुढचा पगार परवडणार नाही हे सर्व संघांना दिसत होते. बोस्टनने सर्वांत आधी पाऊल उचलले आणि लगेच सहा वर्षांसाठी 7.5 कोटी डॉलरचा, तेव्हा पिचरसाठी विक्रमी ठरलेला, करार केला. सात हंगामांत पेड्रोने बोस्टनसाठी 117 सामने जिंकले आणि केवळ 37 गमावले. 2000 मध्ये, सगळीकडे होमरनचा पाऊस पडत असताना, त्याची अर्न्ड रन सरासरी (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर पडणाऱ्या धावा) 1.74 होती. परिस्थितीने अडलेला विक्रेता ओळखणे आणि खरेदीदार म्हणून तयार असणे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. 1919 मध्ये अडलेला विक्रेता बोस्टनच होता.

आता 2002-03 च्या हिवाळ्याकडे येतो, आणि येथे जरा रेंगाळतो. फेब्रुवारी 2002 मध्ये जॉन हेन्री यांच्या गटाने संघ विकत घेतला होता. नोव्हेंबरमध्ये 28 वर्षांचे थिओ एपस्टीन जनरल मॅनेजर झाले आणि आकडेवारीच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे बिल जेम्स सल्लागार म्हणून आले. पैसा होता, पण तो आधीच्या मोठ्या करारांत अडकलेला होता. एपस्टीन यांनी ठरवले की बॉल पारखून वॉक (चुकीचे चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) घेणारे, बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरील टप्प्यांवर) वारंवार पोहोचणारे आणि बाजारात कमी किंमत लागलेले फलंदाज गोळा करायचे. बिल म्यूलर, टॉड वॉकर, जेरेमी जियांबी, केव्हिन मिलार आणि डेव्हिड ऑर्टिझ हे सर्व त्या एका हिवाळ्यातले.

मिलारचा किस्सा नियमांच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. फ्लोरिडाने त्याला जपानच्या चुनिची ड्रॅगन्सला विकायचे ठरवले होते, आणि त्यासाठी त्याला नावापुरते वेव्हर्सवर (म्हणजे इतर संघांना दावा सांगण्यासाठी खुले) ठेवले. अशा वेळी इतर संघांनी हात घालायचा नाही असा संकेत होता. बोस्टनने तो मोडून त्याच्यावर दावा सांगितला. बरीच ओढाताण होऊन फेब्रुवारीत तो बोस्टनला मिळाला.

ऑर्टिझला मिनेसोटा ट्विन्सने 16 डिसेंबर 2002 रोजी सोडून दिले होते. त्याने त्या वर्षी 20 होमरन मारले होते, पण दुखापतींचा इतिहास होता, क्षेत्ररक्षणात तो फारसा उपयोगी नव्हता आणि लवादामुळे त्याचा पगार वाढणार होता. बदल्यात काही देईल असा संघ ट्विन्सना सापडला नाही. पेड्रो मार्टिनेझने आपल्या या डॉमिनिकन मित्रासाठी बोस्टनमध्ये शब्द टाकला. 22 जानेवारी 2003 रोजी साडेबारा लाख डॉलरवर एका वर्षाचा करार झाला. वर्तमानपत्रांत त्याला फारशी जागा मिळाली नाही.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. एपस्टीन यांना ऑर्टिझ पुढे 541 होमरन मारून 2022 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधील महान खेळाडूंच्या सन्मानदालनात) जाईल हे दिसले होते, असे मुळीच नाही. तसे असते तर पहिल्या दिवसापासून त्याला खेळवले असते. जियांबी, मिलार आणि ऑर्टिझ या तिघांना पहिला बेस आणि नियुक्त फलंदाज (क्षेत्ररक्षण न करता केवळ फलंदाजी करणारा) या दोन जागांसाठी घेतले होते, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ऑर्टिझ बराच काळ बाकावरच होता. मे महिन्याच्या शेवटी शे हिलेनब्रँडला अॅरिझोनाकडे दिल्यावर जागा मोकळी झाली आणि ऑर्टिझने तेथून हंगाम संपेपर्यंत 31 होमरनपर्यंत मजल मारली. म्यूलरने 0.326 च्या सरासरीने लीगचे फलंदाजीचे अजिंक्यपद घेतले. संघाने 961 धावा केल्या, त्या वर्षी मोठ्या लीगमध्ये सर्वाधिक. जियांबीचा प्रयोग फसला, पण त्याची किंमत फार पडली नाही. दोन जागांसाठी तीन स्वस्त संधी घ्यायच्या, कोणती फळेल हे आधीच ठाऊक असल्याचा आव आणायचा नाही, आणि जी फळेल तिला जागा करून द्यायची, ही ती पद्धत होती. म्हणूनच मी ऑर्टिझच्या कराराला नशीब म्हणत नाही. नशिबाचा वाटा कोण फळला यात होता. कोणी तरी फळावे याची व्यवस्था मात्र विचारपूर्वक केलेली होती.

2003 च्या ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्धच्या मालिकेतील सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला ॲरन बूनच्या होमरनने हंगाम संपला आणि त्यानंतरचा हिवाळा सुरू झाला तो एका धाडसी पावलाने. फलंदाज मॅनी रमिरेझच्या करारातील सुमारे दहा कोटी डॉलर शिल्लक होते. संघाने त्याला वेव्हर्सवर ठेवले. ज्याला हवा त्याने पूर्ण करारासह फुकट न्यावा. कोणीही नेला नाही. मग नोव्हेंबरच्या शेवटी एपस्टीन अॅरिझोनाला पिचर कर्ट शिलिंगच्या घरी गेले. शिलिंगला अदलाबदलीला नकार देण्याचा हक्क होता आणि तो एजंटशिवाय स्वतःच वाटाघाटी करत असे. थँक्सगिव्हिंग या सणाचे जेवण त्याच्याच घरी झाले आणि दुसऱ्या दिवशी, 28 नोव्हेंबरला, व्यवहार पक्का झाला. बदल्यात केसी फॉसम, ब्रँडन लायन, होर्हे दे ला रोसा आणि मायनर लीगमधील (खालच्या स्तरावरील) एक खेळाडू गेला. पाठोपाठ टेरी फ्रँकोना व्यवस्थापक म्हणून आणि कीथ फोक शेवटच्या इनिंगचा पिचर म्हणून आले.

त्याच डिसेंबरमध्ये सर्वांत मोठा व्यवहार फिसकटला. टेक्साससोबत दहा वर्षांचा 25.2 कोटी डॉलरचा करार असलेला ॲलेक्स रॉड्रिगेझ बोस्टनला येणार आणि मॅनी टेक्सासला जाणार असे ठरत आले होते. आपल्या नोमार गार्सियापारालाही व्हाइट सॉक्सकडे पाठवण्याची तयारी होती. रॉड्रिगेझ स्वतः पगार कमी करायला राजी होता. परंतु कराराचे एकूण मूल्य अडीच कोटी डॉलरपेक्षा अधिक घटत असल्याने खेळाडू संघटनेने मान्यता नाकारली. एका खेळाडूने हौसेने सोडलेली रक्कम उद्या इतरांकडून सक्तीने मागितली जाईल, ही संघटनेची भीती रास्त होती, असे मी तेव्हाही मानले आणि आजही मानतो. जानेवारीत बूनचा गुडघा बास्केटबॉल खेळताना दुखावला, आणि फेब्रुवारी 2004 मध्ये यांकीजनेच रॉड्रिगेझला नेले. बोस्टनमध्ये शोककळा पसरली. ऑक्टोबरमध्ये त्याच यांकीजविरुद्ध 0-3 अशा पिछाडीवरून रेड सॉक्सने मालिका जिंकली, आणि 1918 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीजही. शिलिंगने त्या हंगामात 21 सामने जिंकले होते, शेवटचा बळी फोकच्या हातून गेला, आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो कोणालाही नको असलेला मॅनी रमिरेझ. मॅनी राहिला तो संघाच्या दूरदृष्टीने राहिला नाही, हे मान्य करायला हवे. शिलिंग, फोक आणि फ्रँकोना मात्र नेमकी उणीव ओळखून आणले गेले होते. म्हणूनच मी या हिवाळ्याला आखणीचे श्रेय देतो.

नोव्हेंबर 2005 मध्ये एपस्टीन काही काळ पदावरून दूर असताना झालेली पिचर जॉश बेकेटची अदलाबदल वेगळ्या कारणाने लक्षात राहते. फ्लोरिडाने बेकेटबरोबर माइक लोवेलला घेण्याची अट घातली, कारण 0.236 ची सरासरी नोंदवून बसलेल्या लोवेलचा पगार त्यांना नको होता. बोस्टनने बदल्यात हॅनली रमिरेझ आणि अनिबाल सांचेझ यांच्यासह चार तरुण दिले. हॅनली 2006 चा नॅशनल लीगमधील सर्वोत्तम नवोदित ठरला, 2009 मध्ये फलंदाजीचे अजिंक्यपद जिंकला. सांचेझने 2006 मध्येच नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका न देणारा सामना) टाकला. इकडे 2007 मध्ये बेकेटने 20 सामने जिंकले, आणि ओझे म्हणून आलेला लोवेल वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झाला. अदलाबदलीत एक फसतो आणि एक फसवतो ही समजूत येथे गळून पडते. दोन्ही संघांच्या गरजा वेगळ्या होत्या आणि दोघांनाही हवे ते मिळाले. पुढच्या हिवाळ्यात पिचर दाइसुके मात्सुझाकाशी केवळ बोलण्याचा हक्क मिळवण्यासाठी जपानच्या सेइबू लायन्सना 5.11 कोटी डॉलर दिले गेले आणि वर 5.2 कोटींचा सहा वर्षांचा करार झाला. पहिली दोन वर्षे उत्तम गेली, नंतर दुखापतींनी ग्रासले. किंमत बाजारभावाच्या बरीच वर गेली होती.

2012 मध्ये 93 सामने हरल्यानंतरचा हिवाळा मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी अभ्यासायला सांगतो. बेन चेरिंग्टन यांनी एकही तारांकित खेळाडू घेतला नाही. शेन व्हिक्टोरिनो, जॉनी गोम्स, डेव्हिड रॉस, स्टीफन ड्रू आणि 42.5 लाख डॉलरवर कोजी उएहारा, असे एक ते तीन वर्षांचे करार केले. माइक नॅपोलीशी तीन वर्षांचे 3.9 कोटी ठरले होते. वैद्यकीय तपासणीत खुब्याचा विकार आढळताच करार एका वर्षाचा आणि 50 लाख डॉलर अधिक बोनस असा झाला. 2013 मध्ये संघाने 97 सामने आणि वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही फेनवे पार्कवर, जे 1918 नंतर प्रथमच घडले. तेच चेरिंग्टन नोव्हेंबर 2014 मध्ये पाब्लो सँडोव्हालला 9.5 कोटी आणि हॅनली रमिरेझला 8.8 कोटी देऊन बसले आणि 2015 मध्ये संघ विभागात शेवटचा आला. त्याच हिवाळ्यात, आधी कमी प्रस्ताव देऊन दुखावलेला आणि हंगामाच्या मध्यावर सोडलेला पिचर जॉन लेस्टर 15.5 कोटींवर शिकागो कब्जकडे गेला, आणि 2016 मध्ये तेथे विजेता झाला. आपल्या अंगणात वाढलेल्या, शरीर आणि स्वभाव दोन्ही पूर्ण माहीत असलेल्या खेळाडूबाबत संघाजवळ इतर कोणापेक्षाही अधिक माहिती असते. ती माहिती बाजूला ठेवून बाहेरच्यावर अधिक पैसा लावणे मला कधीच पटले नाही.

डिसेंबर 2016 मध्ये पिचर क्रिस सेलसाठी योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक यांच्यासारखे तरुण देणे हा महागडा, पण योग्य वेळी केलेला व्यवहार होता. 2018 मध्ये 108 विजय मिळवणाऱ्या संघासाठी वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी सेलनेच घेतला.

आणि त्याच 2018 च्या सर्वोत्तम खेळाडूला, मूकी बेट्सला, फेब्रुवारी 2020 मध्ये डॉजर्सकडे देण्यात आले. सोबत पिचर डेव्हिड प्राइस आणि त्याच्या उरलेल्या 9.6 कोटींपैकी निम्मा भार गेला. बदल्यात ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग आले. संघाची बाजू अशी होती की बेट्स वर्षभरात मुक्त होणार आहे, दीर्घ कराराच्या रकमेवर एकमत होत नाही, आणि 20.8 कोटी डॉलरच्या मर्यादेवर जाणाऱ्या पगारावरचा लक्झरी टॅक्स सलग वर्षे भरला की दर चढत जातो. यातील प्रत्येक विधान खरे आहे. परंतु मर्यादा ओलांडणे हा गुन्हा नाही, तो एक खर्च आहे, आणि बेट्स 27 वर्षांचा होता, दुखापतींपासून दूर होता, बोस्टनच्याच मायनर लीगमधून घडलेला होता. त्या दिवशीची माहिती हातात घेऊन पाहिले तरी समर्थन सापडत नाही. रूथच्या बाबतीत निदान भविष्य अंधारात होते. डॉजर्सनी जुलै 2020 मध्ये त्याच्याशी बारा वर्षांचा 36.5 कोटींचा करार केला आणि त्याच्यासह 2020, 2024 आणि 2025 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. डाउन्सला बोस्टनने 2022 च्या अखेरीस सोडले, व्हर्डुगोला डिसेंबर 2023 मध्ये यांकीजना दिले.

डिसेंबर 2024 मध्ये व्हाइट सॉक्सकडून पिचर गॅरेट क्रोशेला आणताना काइल टील आणि ब्रेडन माँटगोमेरी यांच्यासह चार होतकरू खेळाडू दिले गेले. दोन वर्षांनी तो मुक्त होणार होता, म्हणजे वेळेच्या दृष्टीने पेच बेट्ससारखाच येऊ घातला होता. या वेळी संघाने थांबून पाहिले नाही. 2025 चा हंगाम सुरू होताच त्याच्याशी सहा वर्षांचा 17 कोटी डॉलरचा करार केला, आणि त्याने त्याच हंगामात 255 स्ट्राइकआउटसह (फलंदाजाला चेंडू खेळू न देता घेतलेले बळी) अमेरिकन लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. आज कोणी मला ताज्या हिवाळ्यांपैकी एक निवडायला सांगितले, तर मी हा निवडीन. पिचरच्या खांद्याचा भरवसा देता येत नाही आणि दिलेल्या चौघांपैकी कोण कोठे पोहोचेल हेही उघड व्हायचे आहे, पण करारावर सही झाली त्या दिवशी संघाने आपल्या खऱ्या गरजेवर पैसा लावला होता.